आळ्यावरच्या पातेऱ्याचा हिशेब

रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही शिमग्याला गावी आलेल्या माणसाला परसातली माती पिठासारखी कोरडी लागते. यात पावसाचा दोष नाही. जांभ्यावरची तांबडी माती सच्छिद्र असते. पाणी तिच्यातून झरझर खाली उतरतं, आणि वरच्या वीतभर थरात जी ओल राहते ती ऑक्टोबरपासूनचं ऊन ओढून घेतं. कातळावर घर बांधून बाहेरून माती आणून टाकलेली असेल, तर हा थरच मुळात फूट-दीड फुटाचा. त्यात लावलेलं हापूसचं कलम नाहीतर जास्वंद जानेवारीनंतर रोज पाणी मागणार हे ठरलेलंच.

त्यावरचा उपाय म्हणजे आच्छादन, मल्चिंग. मातीवर पातेरा (झाडांचा गळालेला पाला), गवत, सोडणं (नारळाची सोललेली सालं), झावळ्या असं काहीतरी तीन-चार इंच जाडीचं पांघरायचं. ऊन थेट मातीवर पडत नाही, म्हणून बाष्पीभवन कमी होतं. तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, म्हणून रान कमी उगवतं. वळवाच्या सरी उघड्या मातीवर आपटून ती वाहून नेतात, तेही थांबतं. खालचा थर हळूहळू कुजतो, गांडुळं वर येतात आणि माती भुसभुशीत होते. आगरातल्या जुन्या माणसांना यातलं काही नवीन नाही. नवीन आहे ती बंगलेवाल्यांची गरज. शहरातून येणारा, घर बंद ठेवून जाणारा, बाग करून देणाऱ्याकडून दर मागवणारा घरमालक आता विचारतो की याला खर्च किती. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही, म्हणून हिशेब कसा बसतो ते पायरीपायरीने पाहू.

आधी माप. झाकायची जागा चौरस फुटात मोजा. पूर्ण प्लॉट मोजायचा नाही, फक्त आळी आणि वाफे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण तीन गुंठ्यांच्या घरात खरोखर झाकायची जागा बहुधा अर्ध्या गुंठ्यापेक्षा कमीच भरते. मग जाडी. पालापाचोळा आणि गवत बसल्यावर चार इंच हवं, खडी-दगड दोन इंच पुरतात. क्षेत्र गुणिले जाडी केली की घनफूट निघतात. आपल्याकडे माती, रेती, खडी ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे एक ब्रास माल चार इंच जाडीने ३०० चौरस फूट झाकतो आणि दोन इंचांनी ६००. एवढं एक गणित पाठ असलं की कुणीही फुटाचा दर सांगितला तरी फसायला होत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक हिशेब घनयार्डात असतात, कारण अमेरिकेत झाडांच्या सालींचा भुगा त्या मापावर ट्रकने घरपोच येतो. रत्नागिरीत असा तयार मालाचा बाजार नाही, म्हणून तिथले दर रुपयांत करून इथे लावण्यात अर्थ नाही.

इथे मोजावी लागते ती वाहतूक आणि मजुरी. माल बहुतेक फुकट असतो, किंवा तुम्ही आधीच दुसऱ्या कामाखाली त्याचे पैसे दिलेले असतात. दिवाळीच्या आधी ग्रासकटरवाला येऊन परसातलं कमरेएवढं गवत कापून जातो. त्याची दिवसाची मजुरी आणि पेट्रोल तुम्ही देताच. ते गवत कोपऱ्यात ढीग करून जाळलं, तर दिलेल्या पैशांतला निम्मा उपयोग धुरात गेला. आंबा, फणस, काजू यांचा पातेरा वर्षभर गळतो, तोही असाच झाडून पेटवला जातो. भातशेती असलेल्या घरात पातेरा, कवळ आणि शेण भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, लागतं आणि ती गरज खरी आहे. ज्या घरी राब भाजायचा नाही, तिथे एक काडीही जाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेबासाठी एक परसू घेऊ. दोन नारळ, दोन हापूस कलमं आणि गडग्याच्या कडेने २६ फूट लांब, ५ फूट रुंद फुलझाडांचा वाफा. नारळाचं आळं बुंध्यापासून १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आसपास त्रिज्येचं धरतात. त्याचं क्षेत्र साधारण ११० चौरस फूट, दोघांचं २२०. कलमं अजून लहान आहेत, चार फूट त्रिज्येचं आळं धरलं तर प्रत्येकी ५०, दोघांचं १००. वाफा १३०. एकूण ४५० चौरस फूट, आणि चार इंचांनी १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास.

हे सगळं पातेऱ्याने झाकायचं ठरवलं तर काय लागेल? पेंडीची मोठी गोण पायाने दाबून भरली की साधारण तीन घनफूट पातेरा बसतो. म्हणजे ५० गोणी. मोकळा टाकलेला पातेरा पहिल्या महिन्यातच बसून निम्म्यावर येतो, म्हणून मोजताना नेहमी दाबलेला मोजावा. झाडून गोळा करणं, गोणी भरणं, आधी तण काढणं, पाणी देणं आणि मग पसरणं या सगळ्याला दोन माणसांचे दोन दिवस जातात असं धरू. रोज हिशेबापुरता ६०० रुपये घेऊ, तुमच्या वाडीत जो चालू असेल तो घाला. चार रोजांचे २,४०० रुपये झाले. पातेरा स्वतःचा नसेल आणि शेजारच्या बागेतून छोट्या टेंपोने आणावा लागला, तर फेरीचे हजारेक रुपये धरा. ३,४०० रुपये, म्हणजे चौरस फुटाला साडेसात रुपये. पातेरा आपल्याच कुंपणातला असेल तर साडेपाचच्या आत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पातेरा झाडणं हे बायांचं काम मानलं जातं आणि त्याचा रोज गड्यापेक्षा कमी लावला जातो. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला. वाकून दिवसभर झाडणं आणि गोणी दाबणं हे हलकं काम नाही. हिशेबात दोघांचा रोज सारखाच धरा. वरच्या आकड्यात तसाच धरला आहे.

नारळाला पातेऱ्यापेक्षा सोडणं चांगली. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस सुटसुटीत आहे : १.८ मीटरच्या आळ्यात १०० सोडणं, किंवा १५ सुक्या झावळ्या, किंवा १० सेंटिमीटर जाडीचा काथ्याचा भुसा. सोडणं लावायची पद्धत सोपी असली तरी तिच्यात हात बसावा लागतो. बुंध्यापासून फूटभर सोडून पहिली रांग गोल लावायची. सोडणाची फुगीर बाजू वर आणि काथ्याची बाजू मातीला टेकलेली. दुसरी रांग पहिलीच्या फटी झाकत जाते. तिसरीपर्यंत आलं की हात आपोआप चालायला लागतो आणि आळ्याच्या कडेपर्यंत तांबूस-करड्या पाठींचं कडं तयार होतं. काथ्याची बाजू खाली असल्याने मातीतून वर येणारी ओल तिच्यात धरून राहते. मार्चमध्ये एखादं सोडण उचलून पाहा. आतली बाजू दमट असते, तिला पांढरी बारीक मुळं चिकटलेली असतात आणि खालची माती बोटाने उकरता येते. तिथून हातभर पलीकडच्या उघड्या मातीत खुरपं रुतत नाही.

बाणवली जातीचा नारळ बऱ्यापैकी निगा असेल तर वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. म्हणजे झाड स्वतःच्या वर्षभराच्या सोडणांत स्वतःचं आळं जवळपास झाकून घेऊ शकतं. सोडणं कुजायला वेळ लागतो, त्यामुळे एकदा लावलेला थर पाच वर्षांच्या आसपास टिकतो. अधूनमधून दहा-वीस सोडणं भरत राहिलं की झालं. आपल्या उदाहरणात दोन नारळांचं २२० चौरस फूट क्षेत्र असं कायमचं बाजूला पडतं. सोडणं लावायला एक रोज, ६०० रुपये. उरलेल्या २३० चौरस फुटांना २५-२६ गोणी पातेरा आणि दोन रोज, १,२०० रुपये. एकूण १,८०० आणि दुसऱ्या वर्षापासून १,२००. यापेक्षा स्वस्त आणि मातीला यापेक्षा चांगलं दुसरं काही मला माहीत नाही.

बाग करून देणारे मात्र बऱ्याचदा कोकोपीट सुचवतात. ते दिसतं छान, तपकिरी, एकसारखं. त्याचा पाच किलोचा दाबलेला ठोकळा भिजवला की ७० ते ७५ लिटर होतो. एका नारळाच्या आळ्याला चार इंचांनी हजार लिटरच्या वर लागतं, म्हणजे १४-१५ ठोकळे. पूर्ण परसाला ६०. ठोकळा २०० रुपयांचा धरला तर १२,००० रुपये नुसत्या मालाचे. आणि हा भुगा हलका असतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला तो तरंगतो आणि उतारावरून पन्हळीत, तिथून गटारात जातो. कुंड्यांना, रोपवाटिकेला, छपराखालच्या वाफ्यांना कोकोपीट उत्तम. उघड्या आळ्यांवर ओतण्यासाठी घेऊ नये.

शोभेची पांढरी खडी हा दुसरा मोह. ४५० चौरस फुटांना दोन इंचांनी ७५ घनफूट लागतात. त्यांचं वजन साडेतीन टनांच्या जवळ जातं, आणि ही खडी किलोवर विकली जाते. किलोला दहाच रुपये धरले तरी ३४-३५ हजार झाले. शिवाय ती उन्हात तापते, मातीला काहीही देत नाही आणि आंब्याफणसाखाली असेल तर दर आठवड्याला तिच्यावरचा पातेरा वेचायला माणूस लागतो. पावसाळ्यात शेवाळ धरून ती हिरवी-काळी पडते ते वेगळंच. पायवाटेला, छपराच्या पागोळ्या पडतात त्या पट्ट्याला खडी योग्य, कारण तिथे माती उडून भिंतीवर बसते. त्यासाठीही चिरेखाणीतले जांभ्याचे तुकडे मिळाले तर ते घ्यावेत. कोकणातल्या घराला तेच शोभतात.

प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा दर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा खर्च हेक्टरी ३२,००० रुपये धरला होता आणि त्याच्या निम्मं अनुदान, जास्तीत जास्त दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे चौरस मीटरला तीन रुपये वीस पैसे, फुटाला तीस पैशांच्या आसपास. कलिंगड, मिरची करणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडतं, कारण सरळ वाफे, ठिबक आणि एका हंगामाचं पीक असतं. घराच्या परसात वाकडीतिकडी आळी असतात, कागद कापून लावावा लागतो आणि हंगाम संपला की तुकडे होऊन तो मातीत मिसळतो नाहीतर वाऱ्याने उडून ओढ्यातून समुद्राकडे जातो. स्वस्त असूनही परसात तो नको. अनुदान सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आहे, बंगल्याच्या बागेसाठी नाही, हेही आधीच समजून घ्यावं.

आणखी काही मालांबद्दल थोडक्यात. भाताचा पेंढा चांगलाच, पण ती गुरांची वैरण आहे, विकत घेतला तर महाग पडतो. भिजून काळा पडलेला, गुरं खात नाहीत असा पेंढा मिळाला तर जरूर घ्या. गिरणीतलं तूस वाऱ्याने उडतं, त्यावर झावळ्या टाकाव्या लागतात. वखारीतला लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये, कुजताना तो नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळं पडतं. वर पातळ थर चालतो. काजू कारखान्यातली टरफलं फुकट मिळाली तरी आणू नयेत, त्यांतलं तेल कातडी भाजतं आणि वाफ्यात रोज हात घालायचे असतात. भाट्याच्या सुरुबनातली सुया पडलेली जमीन पाहून गोणी भराव्याशा वाटतात, पण तो पाला तिथल्या वाळूला धरून ठेवतो, तो तिथेच राहू द्यावा. भाट्यालाच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या आळ्याबद्दल शंका असेल तर बाग करून देणाऱ्यापेक्षा तिथे विचारलेलं बरं.

काम कधी करायचं यावरही खर्च अवलंबून असतो. चाकरमानी गणपतीला आठ-दहा दिवस हमखास घरी असतात, म्हणून सगळी कामं तेव्हाच उरकायचा विचार होतो. आच्छादनाला ती वेळ चुकीची. पाऊस चालू असतो, ओल्या पाल्याखाली गोगलगायी आणि बुरशी वाढते. गणपतीत एवढंच करावं की परसातलं गवत बी धरण्याआधी कापायला सांगावं. बी पिकलेलं गवत आळ्यात टाकलं तर आपणच तण पेरल्यासारखं होतं. ते कापलेलं गवत गडग्यावर वाळू द्यावं. पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, माती अजून ओली असताना आळ्यातलं तण काढून गवत आणि पातेरा पसरावा. शिमग्यापर्यंत थांबलात तर आधी माती खोलवर भिजवावी लागते. कोरडी माती झाकली तर कोरडीच राहते, वरून दिलेलं थोडंसं पाणीही पातेराच पिऊन टाकतो. पाण्याचा टँकर मागवणाऱ्या घरात हा उशीर चांगलाच महागात पडतो.

थर बुंध्याला टेकता कामा नये. वीतभर जागा मोकळी हवी, नाहीतर बुंधा सतत ओला राहून साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. नारळाजवळ कच्च्या शेणाचा किंवा कुजक्या पाल्याचा उंच ढीग करू नये, त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे तोच शेंड्यात शिरून कोवळी झावळी पोखरतो. कुजलेलं शेणखत मातीत मिसळून वर आच्छादन टाकलं तर ही भीती राहत नाही. फुरशाचा विचार तर रत्नागिरीत करायलाच हवा. जांभ्याच्या फटी आणि सुका पाला या त्याच्या आवडीच्या जागा. पातेरा हाताने उपसायचा नाही, दाताळ्याने आधी हलवायचा आणि पायात बूट घालायचे. कामाला येणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे देण्याचा खर्च हजाराच्या आतबाहेर असतो. तो घरमालकानेच करावा आणि ते सामान घरीच ठेवावं. घराच्या पायरीला लागून, मुलं खेळतात तिथे जाड थर नकोच.

वणव्याचंही भान हवं. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत पेटलं की आग गडगा ओलांडून बागेत येते, आणि आळ्यातला सुका पातेरा तिला झाडाच्या बुंध्यापर्यंत घेऊन जातो. परसू सड्याला किंवा मोकळ्या रानाला लागून असेल, तर त्या बाजूला दहा फुटांची जाळरेषा साफ ठेवावी आणि पहिल्या रांगेतल्या झाडांना पातेऱ्याऐवजी जांभ्याचे तुकडे घालावेत. जाळरेषेचा एक रोज आच्छादनाच्याच खर्चात धरा. घर बंद असतं त्यांनी तर तो टाळूच नये.

काम उक्तं द्यायचं की रोजावर, हा शेवटचा प्रश्न. स्वतः हजर असाल तर रोजावर द्या. नसाल तर उक्तं द्यावं लागेल, आणि तेव्हा नुसता फुटाचा दर ऐकून होकार देऊ नका. थर बसल्यावर किती इंच असेल, माल कुठला, तण काढणं दरात धरलं आहे का, वाहतूक कोणाची, आणि फेब्रुवारीत एकदा येऊन विरळ झालेल्या जागा भरून देणार का, हे ठरवून कागदावर लिहून घ्या. चार इंचांचा दर सांगून दोन इंच पसरले तर अर्धे पैसे वाया गेले, शिवाय दोन इंचांतून तण सहज वर येतं. महिन्याभराने घरी कोणी असेल त्याला पट्टी घेऊन मोजायला सांगा आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. काम करणाऱ्यालाही हे आधीच सांगितलं तर त्यात अविश्वास वाटत नाही.

मे महिन्याच्या शेवटी आळ्यातला उरलेला पातेरा बुंध्यापासून आणखी मागे ओढून आळ्याच्या कडेने ठेवायचा, म्हणजे पाण्याचा लोट अडतो. सोडणं आहेत तिथेच राहतात. पावसात पातेरा कुजून मातीत जातो, आणि ऑक्टोबरात त्या जागी काळसर, हलकी, गांडुळांनी पोखरलेली माती मिळते. त्या वर्षी तण निम्म्याने कमी असलं तर दोन रोजांचं काम दीड रोजात होतं, आणि आपल्या उदाहरणातला खर्च १,२०० वरून ९०० वर येतो.